पासष्ट किलो : एका वजनगटाचा अर्थ

सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथे जागतिक कुस्ती स्पर्धा भरली. तीत महिलांच्या ६५ किलो वजनगटात भारताच्या प्रतिनिधित्वासाठी कल्याणच्या वैष्णवी पाटील हिची निवड झाली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम लढत तिच्यात आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी हिच्यात झाली होती व प्रतीक्षा विजयी ठरली होती. कल्याण नवी मुंबईपासून दूर नाही. म्हणूनच हा ‘६५ किलो’ म्हणजे नेमके काय, हे आपल्या पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे जत्रेच्या मैदानात कुस्तीची जोड नजरेने ठरते. दोन मल्ल समोरासमोर उभे करून जाणती मंडळी जोड लावतात. आंतरराष्ट्रीय कुस्तीत ते काम काटा करतो. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही ५७ किलोच्या गटात. पुरुषांची कुस्ती १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा मात्र १९८७ साली नॉर्वेत झाली आणि ऑलिंपिकमध्ये महिला कुस्तीला प्रवेश मिळाला तो २००४ साली, अथेन्स येथे. दार उघडण्यास १०८ वर्षे लागली, ही नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा वजनगट असतात : ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२, ६५, ६८, ७२ आणि ७६ किलो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र यांपैकी सहाच होते : ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. म्हणजे ६५ किलोचा गट जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. या गटातील मुलीला ऑलिंपिक गाठायचे तर तीन किलो उतरून ६२ मध्ये जावे लागते किंवा वजन व ताकद वाढवून ६८ मध्ये. कागदावर तीन किलो अल्प दिसतात. आधीच चरबी कमी असलेल्या खेळाडूच्या देहातून ते काढणे फार कठीण असते.

लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकलल्यास एक गुण, खाली पाडून ताबा मिळवल्यास दोन, मोठ्या फेकीस चार किंवा पाच. दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत तेथेच थांबते. दोन्ही खांदे मॅटला टेकवले तर गुण कितीही असोत, कुस्ती चितपट. फ्रीस्टाइल प्रकारात पायांची पकडही चालते. एका गटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोघींकडून पराभूत झालेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. म्हणून प्रत्येक गटात कांस्यपदके दोन असतात.

दुसऱ्या दिवशीच्या वजनाने काय होऊ शकते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. विनेश फोगाट पॅरिसमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. सकाळी काट्यावर सुमारे शंभर ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. वजन उतरवण्यासाठी खेळाडू जेवण व पाणी तोडतात, घाम गाळतात. वाढीच्या वयातील मुलींनी याचे अनुकरण करणे धोक्याचे आहे. शाळकरी वयात मुलीचे अन्न तोडून तिला खालच्या गटात बसवू नये. ती वाढेल तसा गट बदलावा, हेच शहाणपणाचे. पालकांना आमचे एवढेच आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या समाजात मुलीचे वजन हा अजूनही टोमण्याचा विषय आहे. कुस्तीच्या काट्यावर त्याच आकड्याचा अर्थ पालटतो. तेथे तो तिच्या बरोबरीच्या स्पर्धकांचा पत्ता असतो. काटा आडनाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही. समान वजनाच्या दोघींना समोरासमोर उभे करतो. ही समता खरी आहे, पण अपुरी आहे. एकीच्या ताटात रोज दूध, अंडी, कडधान्ये होती आणि दुसरीच्या ताटात नव्हती. एकीच्या गावात मॅट व मार्गदर्शक होता आणि दुसरीला तालमीच्या दारातूनच परत पाठवले गेले, हे काटा सांगत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली आणि खासबागेचे कुस्ती मैदानही बांधले. विद्या आणि व्यायाम या दोहोंना आश्रय देणाऱ्या त्या दृष्टीची आज मुलींसाठी गरज आहे.

निवासी शाळेत मुलीचे ताट, झोप आणि सकाळचा व्यायाम या तिन्ही गोष्टी शाळेच्या हाती असतात. काट्यावर उभी राहण्यापूर्वीची समता जर कोठे घडवता येत असेल, तर ती अशाच ठिकाणी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेस काय द्यावे, असे विचारले जाते. एक मॅट, एक प्रशिक्षित महिला मार्गदर्शक आणि मुलींच्या आहाराची तरतूद, एवढ्यापासून आरंभ करता येईल.