ऑटोमॅटिक जीपचा गिअर उशिरा पडतोय? आधी हे करून बघा

अमेरिकेत १९८७ ते २००१ च्या ४.० लिटर ऑटोमॅटिक जीप चेरोकीत एडब्ल्यू-४ गिअरबॉक्स असतो. गिअर कधी बदलायचा, हे कॉम्प्युटर गाडीचा वेग आणि थ्रॉटल सेन्सर बघून ठरवतो. सेन्सरने चुकीचं रीडिंग दिलं, की त्याला वाटतं तुम्ही पाय जोरात दाबलाय. मग गिअर उशिरा पडतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी इनपुट तपासतो. ऑइलची लेव्हल बघा. मग गाडी बंद करून गिअरबॉक्स कॉम्प्युटरचा फ्यूज काढा. आता मोकळ्या रस्त्यावर गिअर हातानेच बदला: १-२ वर पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा. तिन्ही नीट पडले, तर दोष बहुतेक सेन्सर किंवा वायरिंगमध्येच आहे. लगेच गिअरबॉक्स उघडायच्या खर्चात पडू नका.