मधमाश्यांच्या पेट्या व गांधीलमाशी: निवडक सांपळ्याचा उपयोग

सह्याद्रीच्या पट्ट्यांत सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याचा जोडधंदा पुष्कळ शेतकरी करतात. महाबळेश्वराजवळील मांघर हें तर २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. परंतु मध हा या धंद्याचा लहान लाभ होय. मधमाश्यांमुळें परागसिंचन होऊन शेतांत व बागेंत फळधारणा वाढते, हा खरा मोठा लाभ. म्हणून पेटी ओस पडली म्हणजे हानि एकट्या पेटीवाल्याची होत नाहीं, शेजारच्या शेताचीहि होते. या हानीचें एक प्रमुख कारण जी गांधीलमाशी, तिच्या बंदोबस्ताचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रौढ गांधीलमाशी स्वतः गोड रसावर राहते. परंतु तिच्या पोळ्यांतील अळ्यांना मांस लागतें. त्याकरितां ती पेटीच्या दारासमोर घिरट्या घालते, परतणारी मधमाशी हवेंतच पकडते, डोकें, पाय व पंख तोडून टाकते आणि पंखांच्या स्नायूंनीं भरलेला छातीचा भाग तेवढा घेऊन जाते. मेलेल्या माश्यांपेक्षांहि दुसरें नुकसान मोठें आहे. दारीं वैरी उभा राहिला कीं माश्या बाहेर जाण्याचें टाळतात, मकरंद व पराग येणें थांबतें, वसाहत क्षीण होते आणि सातेरी माशी तर पेटी सोडून निघूनच जाते.

सातेरीच्या जातीला निसर्गानें एक शस्त्र दिलें आहे. दारांत आलेल्या गांधीलमाशीस शेंकडों माश्या चेंडूसारख्या वेढून टाकतात व अंग थरथरवून आंत उष्णता उत्पन्न करतात. या चेंडूंतील उष्णता सुमारें ४६-४७ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते, असें जपानांतील संशोधकांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलें. तेवढ्या उष्णतेनें गांधीलमाशी मरते व मधमाश्या तगतात. मात्र यास संख्याबळ पाहिजे. अशक्त वसाहतीस हें साधत नाहीं. कांहीं लोक युरोपीय जातीची मेलिफेरा माशी पाळतात, तिला हें कसब सातेरीइतकें अवगत नाहीं. तेव्हां पहिला उपाय म्हणजे वसाहत सबळ राखणें, पेटीच्या फटी बुजविणें व दाराची उंची इतकी कमी करणें कीं मधमाशी सहज जावी पण गांधीलमाशी शिरूं नये. सांपळा हा त्यानंतरचा उपाय.

सांपळ्याविषयीं युरोपचा अनुभव उद्बोधक आहे. आशियांतील 'वेस्पा वेलुटिना' ही गांधीलमाशी २००४ सालीं फ्रान्समध्यें प्रथम आढळली व पुढें स्पेन, इटली इत्यादि देशांत पसरली. ब्रिटनमध्यें तिचें पहिलें पोळें २०१६ सालीं सांपडलें. वसंतांत प्रत्येक राणी एकटीच नवें पोळें मांडते, तेव्हांच तिला धरावी, म्हणून लोकांनीं गोड रसाच्या बाटल्या जागोजाग टांगल्या. त्यांत गांधीलमाश्यांपेक्षां इतर निरुपद्रवी कीटकच अधिक बुडून मेले. शिवाय पोळ्याच्या जागेसाठीं राण्या आपसांत झगडतात व त्यांतील पुष्कळ मरतात. यास्तव कांहीं राण्या धरल्यानें पोळीं त्या मानानें कमी होतातच असें नाहीं. यावरून निवडक सांपळ्याची आवश्यकता पटली.

निवडक सांपळ्याचीं तीन अंगें ध्यानांत ठेवावीं. पहिलें द्वार. आंत जाण्याचें भोंक ८ ते ९ मिलिमीटर, म्हणजे सुतारी मापानें तीन सुतांहून किंचित् कमी असावें. त्यामुळें मोठीं फुलपांखरें व भुंगे बाहेरच राहतात. भोंकास आंतून जाळीचा निमुळता शंकु बसवावा, म्हणजे आंत गेलेल्या गांधीलमाशीस परत वाट सांपडत नाहीं. दुसरें अंग सुटकेची वाट. डब्याच्या बाजूंस सुमारें साडेपांच मिलिमीटरचीं भोंकें अथवा तशी जाळी ठेवावी. तींतून मधमाशी व लहान किडे निघून जातात, गांधीलमाशी अडकते. तिसरें अंग आमिष. मधाचें पाणी किंवा ताजा गूळ कदापि ठेवूं नये. त्यावर आपल्याच माश्या येतात. आंबवलेल्या रसास मधमाश्या सहसा शिवत नाहींत. मासळीच्या वा मांसाच्या तुकड्याकडे तर फिरकतहि नाहींत. आमिष निराळ्या वाटींत ठेवून वर बारीक जाळी बांधावी, म्हणजे चुकून शिरलेला कीटक बुडत नाहीं.

सांपळा पेट्यांजवळ व उपद्रवाच्या दिवसांतच लावावा. उपद्रव संपतांच काढून ठेवावा. रोज सकाळीं तो पाहून गांधीलमाश्या किती व इतर किती, याची नोंद वहींत करावी. जमाखर्चाविना जसें शेत कळत नाहीं, तसा नोंदीविना सांपळाहि कळत नाहीं. इतर कीटक अधिक मिळूं लागले तर भोंकांचें माप किंवा आमिष बदलावें. तरीहि फरक न पडल्यास सांपळा बंद करावा.

दोन गोष्टी मात्र सर्वस्वीं टाळाव्या. आमिषांत विष घालूं नये. तें पक्ष्यांच्या व इतर प्राण्यांच्या पोटांत जातें. तसेंच पोळें स्वतः जाळण्याच्या भरीस पडूं नये. चवताळलेल्या गांधीलमाश्यांच्या डंखांनीं माणसें दगावतात आणि रानास आग लागते ती वेगळीच. वस्तीजवळचें पोळें काढणें अवश्य असेल तर माहितगारासच बोलवावें.

युरोपांत हा कीटक परका आहे. आपल्याकडे गांधीलमाश्या मूळच्याच असून पिकांवरील अळ्या व माश्या खाऊन त्या शेतकऱ्याचें कांहीं कामहि करतात. म्हणून त्यांचा समूळ उच्छेद हें आपलें ध्येय नव्हे. पेटीच्या दारावरील त्यांचा भार हलका करावा आणि बाकीचें काम सबळ वसाहतीवर सोंपवावें, हीच रीत कमी खर्चाची व शेतीच्या हिताची आहे.