वंशावळ कुठवर खरी?

ताडकळसच्या पंचक्रोशीत, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात, जाधवांच्या घरी वंशाचा विषय निघाला की बोलणे दोन-चार वाक्यांत देवगिरीला पोचते. आम्ही मूळचे यादव, राजघराण्यातले. सांगणारा हे अभिमानाने सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. राज्य इथेच होते, गड डोळ्यांसमोर आहे, आडनाव तर सरळच जुळते. प्रश्न एवढाच की, या सांगण्याला पुरावा कुठवर साथ देतो आणि कुठे सोडून जातो.

आडनावापासून सुरुवात करू. ‘यादव’चे ‘जाधव’ झाले हे भाषेच्या दृष्टीने बिनतोड आहे. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा ‘य’ मराठीत ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, यंत्राचे जाते झाले, यज्ञोपवीताचे जानवे झाले. त्याच वाटेने यादव जाधव झाला. पण इथे सिद्ध होतो तो नावाचा वंश, माणसाचा नव्हे. राजाचे कुळनाव त्याचे भाऊबंद लावत, तसे त्याचे सरदार, पाईक आणि आश्रितही लावत. शिवाय ‘यादव’ म्हणवण्याची त्या काळी दख्खनेत रीतच होती. द्वारसमुद्राचे होयसळ स्वतःला यादवच म्हणवीत आणि देवगिरीच्या यादवांशी पिढ्यानपिढ्या लढत.

देवगिरीच्या यादवांनी स्वतःचा वंश कसा सांगितला, हेही पाहण्याजोगे आहे. महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडाला जी राजप्रशस्ती जोडली, तिच्यात वंश चंद्रापासून सुरू होतो, यदूवरून श्रीकृष्णाकडे येतो आणि मग दृढप्रहारापाशी जमिनीवर उतरतो. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासात हीच प्रशस्ती वापरली, पण ताम्रपटांशी ताडून. दृढप्रहाराच्या खालची नावे लेखांत बऱ्याच अंशी सापडतात. वरची पुराणातली. म्हणजे आपण ज्यांचा वारसा सांगतो, त्यांच्याही वंशावळीत अर्धा भाग आकाशातला होता.

आता मधला टप्पा. रामचंद्राचा जावई हरपाळदेव १३१८च्या सुमारास मारला गेला आणि देवगिरीचे राज्य संपले. सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाहीत ठळकपणे दिसू लागतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १६२९ साली निजामशहाच्या दरबारात, त्याच देवगिरीच्या किल्ल्यावर, ते मुलांसह आणि नातवासह मारले गेले. योगायोग चटका लावणारा आहे, पण पुरावा नव्हे. हरपाळदेवापासून लखुजीपर्यंत अडीचशे वर्षांहून अधिक काळ जातो. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर दहा पिढ्या. घराण्याच्या वंशावळीत त्या दहा पिढ्यांची नावे आहेत. त्या काळातला, त्या नावांना दुजोरा देणारा कागद मात्र हवा तसा हाती येत नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त जाधवराव यादव कुळातले आहेत. त्यावरून सतराव्या शतकात ही समजूत रूढ होती एवढे नक्की ठरते. समजूत जुनी आहे म्हणून साखळी अखंड आहे, असे मात्र होत नाही.

ही भिंत फक्त जाधवांना आडवी येत नाही. जुन्या वतनाच्या तंट्यांत गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ देत, म्हणजे घराण्याची हकिगत: कोण मूळ पुरुष, वतन कसे मिळाले, भाऊ कसे वेगळे झाले. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’त असे कागद वाचायला मिळतात. मोठी गमतीची गोष्ट ही की, करीना सहसा राजापर्यंत जात नाही. पाटीलकीच्या भांडणात चंद्रवंशाचा उपयोग काय? तिथे आजा-पणजा लागतो आणि शेतीची शीव लागते. आणखी मागे गेले तर देशावरच्या कितीतरी परंपरा १३९६पासून सांगितल्या जाणाऱ्या दुर्गादेवीच्या दुष्काळापाशी थांबतात. गावे ओस पडली, पुन्हा वसली. वसवणारा तोच मूळ पुरुष. त्याचा बाप कोण, हे कुणी विचारले नाही.

थोडक्यात, कागद त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. भोसल्यांचा सिसोदिया वंश पाहा. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या काळातच उदयपूरच्या राण्याशी नाते जोडलेले आहे, त्यामुळे ही कथा राज्याभिषेकासाठी ऐन वेळी रचली असे म्हणता येत नाही. पण १६७४ साली गागाभट्टांसमोर प्रश्न क्षत्रियत्वाचा होता आणि तेव्हा या वंशाला जे वजन आले ते आधी नव्हते. मुधोळच्या घोरपड्यांकडच्या बहमनी फर्मानांवर इतिहासकारांची भांडणे झाली ती याच सांध्यावरून. आणि १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी ‘भोसले वंश चरित्र’ मराठीत कोरवले, तेव्हा त्यांचे राज्य इंग्रजांच्या हाती जाऊन चारच वर्षे झाली होती. सत्ता गेलेल्या राजाला दगडावर वंश कोरावासा वाटला, याचे मला तरी नवल वाटत नाही.

युरोपात राजवंशापर्यंत पोचण्याचा खटाटोप आपल्याहून मोठा आहे, आणि तिथल्या लबाड्याही. इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत राजाचे अधिकारी परगण्यापरगण्यांत फिरून उमरावांच्या वंशावळी नोंदवीत. त्यांतल्या कित्येक बनावट होत्या. राजवाड्यांचा समकालीन जे. एच. राउंड याने असल्या वंशावळी फाडून काढण्यात आयुष्य घालवले. पण तिथल्या शोधकाला एक सोय आहे. जमीन वारसदार मुलीकडेही जात असे, म्हणून मुलीचे नाव, तिचे लग्न, तिची मुले कागदावर आली. राजाच्या धाकट्या मुलीची नात एखाद्या साध्या जमीनदाराकडे दिली गेली की त्या दारातून पुढच्या पिढ्या राजघराण्यात शिरतात. आपल्याकडे हे दार बंद आहे. वतन मुलाकडे जाई, म्हणून वंशावळीत मुलगेच. लेक सासरी गेली की कागदावरून नाहीशी.

याचा हिशेब करून पाहावा. सातशे वर्षे म्हणजे अठ्ठावीस पिढ्या. प्रत्येकाला आई-बाप दोन, आजे-आज्या चार, असे दुप्पट करत गेले तर अठ्ठाविसाव्या पायरीवर पूर्वजांच्या जागा होतात २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६. तेवढी माणसे रामदेवरावाच्या राज्यात असणे शक्यच नव्हते. म्हणजे तेच ते पूर्वज पुन्हापुन्हा येतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याच्या मुलाला पणजोबा-पणज्या आठ नसतात, सहाच असतात. जोसेफ चांग या गणितज्ञाने १९९९ साली असल्या हिशेबातून दाखवले की, कोणत्याही दोन माणसांचे समान पूर्वज आपण समजतो त्यापेक्षा खूपच जवळच्या काळात असतात. त्या धर्तीवर आजचा जवळजवळ प्रत्येक युरोपीय शार्लमेनचा वंशज ठरतो. आपल्याकडे जातीबाहेर लग्ने नव्हती, त्यामुळे हे गणित जसेच्या तसे लावता येणार नाही. तरी जातीच्या आत ते चांगलेच लागू पडते. यादवांचे रक्त आज कुणात असेलच, तर ते जाधवांइतकेच त्यांच्या सोयऱ्यांतही असणार, लेकींच्या वाटेने गेलेले. वंशावळीच्या तक्त्यात मात्र त्या कोट्यवधी जागांपैकी एकच ओळ असते, बापाच्या बापाची.

आणि ती एक ओळ तरी रक्ताची असते का? सयाजीराव गायकवाड १८७५ साली कौळाण्याच्या शेतकरी भाऊबंदांतून बडोद्याला दत्तक गेले, शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांतून कोल्हापूरला. दोघांनी गादी उजळली. दत्तकाने वंश चालतो, कारण वंश हा आपल्याकडे मुळात धर्मशास्त्राचा आणि वारसाहक्काचा विषय आहे. युरोपात दत्तकाची ही मुभा नव्हती, तिथेही गडबड निघालीच. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर इथे सापडला. आईकडचे जनुकीय नाते जिवंत वंशजांशी जुळले, पण बापाकडचे कागदावरच्या वंशजांशी जुळले नाही. मधे कुठेतरी कागदावरचा बाप खरा बाप नव्हता.

मराठवाड्यात हा विषय आता दिवाणखान्यातला राहिलेला नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या उर्दू, फारसी, मोडी दप्तरांत ‘कुणबी’ या नोंदीचा शोध सुरू झाला. एकाच घरात भिंतीवर देवगिरीपर्यंतचा तक्ता आणि हातात तहसीलचा अर्ज, असे चित्र दिसू लागले. यावर हसणारे हसतात. मला त्यात विसंगती दिसत नाही. तक्ता मानासाठी लिहिला गेला, नोंद शेतसाऱ्यासाठी किंवा शिरगणतीसाठी. दोघांनी एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारले. मात्र अर्जाला जोडायची वंशावळ तिसऱ्याच प्रकारची असते. तिला चंद्रवंश नको असतो, चार-पाच पिढ्यांचा सलग सांधा हवा असतो, आणि एक सांधा निखळला तर एखाद्या पोराचा प्रवेश अडतो.

म्हणून सुरुवात खालून करावी. सातबारा आणि फेरफार, त्यामागे १९५४-५५चे खासरा पाहणी पत्रक. घरात इनाम असेल तर निजामी मुंतखब आणि विरासतीच्या चौकशीचे कागद. वारस ठरवताना सगळे मुलगे, दत्तक, कधी विधवेचा अर्जही त्यांत येतो, आणि बायकांची नावे भेटतात ती बहुधा इथेच. त्याच्या मागे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथे गाव आणि आडनाव सांगितले की यात्रेला आलेल्या पणजोबाने स्वतः सांगितलेली भावांची, मुलांची नावे निघू शकतात. भाटाचे म्हणणे सगळ्यात शेवटी ऐकावे, पण ऐकावे जरूर. त्याच्या पोथीतल्या अलीकडच्या पिढ्या बऱ्याचदा दप्तराशी जुळतात. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदातून घेतले हे लिहावे, आणि जिथे कागद संपतो तिथे जागा कोरी ठेवावी. चांगले दप्तर असलेल्या घराला या वाटेने आठ-दहा पिढ्या मिळतात. तिथून देवगिरी आणखी अठरा पिढ्या दूर राहते.