मे महिन्यात नागझिऱ्याला जाताना

वार्षिक परीक्षा संपली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. वाघ पाहायचा तर एप्रिल-मे महिन्यातच जावे, असे कोणीतरी जाणकार सांगतो. त्याचे म्हणणे खरे आहे. गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचेच उदाहरण घ्या. सुमारे १५३ चौरस किलोमीटरचे हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह, बांबू यांचे हे पानगळीचे रान. उन्हाळ्यात पाने गळून जंगल विरळ होते, लहानमोठे ओहोळ आटतात आणि उरलेल्या पाणवठ्यांवर सगळ्या जनावरांना यावेच लागते. म्हणून ती दिसतात.

पण ज्या उन्हामुळे ती दिसतात, ते ऊन पाहणाऱ्यालाही सोसावे लागते. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर जाणे ही काही बातमी नव्हे. मे अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की लोक ‘नवतपा लागला’ असे म्हणतात, आणि शहाणी माणसे त्या दिवसांत भर दुपारी घराबाहेर पडत नाहीत. अशा वेळी अंगात काय घालायचे, काय खायचे-प्यायचे आणि कोणत्या वेळी काय पाहायचे, हे आधी ठरवायला हवे. या तिन्ही प्रश्नांची किल्ली एकाच आकड्यात आहे. तो आकडा ३५.

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश असते, तर उन्हाळ्यात त्वचेचे सुमारे ३५. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे तुम्ही शिकला आहात. हवा ३० अंशांवर असेल तर त्वचेकडून उष्णता हवेकडे जाते. अंग उघडे टाकले आणि पंखा लावला की आणखी वेगाने जाते. मुंबई-पुण्यात आपण नेमके हेच करतो. पण हवा ४४ अंशांवर गेली की प्रवाहाची दिशा उलटते. आता हवाच आपल्याला तापवते. उघड्या जीपमधून जाताना तोंडावर येणारा वारा हा वारा नसून भट्टीचा भाता असतो! तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंख्याच्या वाऱ्याने शरीर उलट तापते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मग ४४ अंशांत माणूस जगतो कसा? याचे उत्तर १७७४ साली लंडनमध्ये काही धाडसी मंडळींनी स्वतःवरच प्रयोग करून शोधले. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे सहकारी पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही अधिक तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबले आणि सुखरूप बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी भाजून निघाली आणि मांसाचा तुकडा शिजला. त्यावर भात्याने वारा घातला तेव्हा तो आणखी लवकर शिजला. अंडे शिजते पण माणूस शिजत नाही, कारण माणसाला घाम येतो. एक किलोग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते आणि ती त्वचेतून घेतली जाते. हवा त्वचेहून गरम असताना आपल्याजवळ थंड होण्याचे हे एकच साधन उरते.

हे साधन कितपत चालेल, ते हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेत दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओल्या कापसाची वात गुंडाळा आणि दोघांनाही वारा घाला. ओला तापमापक कमी तापमान दाखवील. ४४ अंश आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी विदर्भातली दुपार असेल, तर ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. मुंबईत ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तो ३० दाखवतो. म्हणजे घाम वाळण्याच्या बाबतीत नागझिऱ्याची हवा मुंबईहून कितीतरी उदार आहे. विदर्भात माठातले पाणी गार होते आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडले की खोली थंड होते, त्यामागेही हेच कारण आहे.

पण या उदारपणातच धोका आहे. मुंबईत घामाच्या धारा लागतात, सदरा भिजतो आणि आपण पाणी मागतो. नागझिऱ्यात घाम येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडे राहते. ‘इथे बघ, अजिबात घाम येत नाही,’ असे पाहुणे कौतुकाने म्हणतात. घाम येत असतोच, तो फक्त दिसत नाही. किती येतो, त्याचा ढोबळ हिशेब करू या. शरीर बसल्या जागी सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते. गरम वाऱ्याकडून दीडशे वॅट आणि ऊन व तापलेली जमीन यांच्याकडून दीडशे वॅट धरा. एकूण ४०० वॅट झाले. तासाला १४ लाख ४० हजार ज्यूल. याला २४ लाखांनी भागा. उत्तर ०.६ येते. म्हणजे नुसते जीपमध्ये बसूनही ताशी सुमारे ६०० मिलीलिटर पाणी अंगातून गेले. चार तासांच्या फेरीत जवळजवळ अडीच लिटर! हे आकडे अंदाजी आहेत. माणूस, वारा आणि वेळ यांप्रमाणे ते बदलतील. पण चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या दृष्टीने अडीच लिटर म्हणजे वजनाचा सहा टक्के भाग झाला. शरीराचे दोन टक्के पाणी कमी झाले तरी थकवा आणि डोकेदुखी सुरू होऊ शकते.

तहान मात्र नेहमी मागून धावत येते. म्हणून पाणी तहानेवर नव्हे, घड्याळावर प्यावे. दर वीस मिनिटांनी एक पेला. शिक्षकांनी सहलीत हे काम एका विद्यार्थ्याकडे सोपवावे. वाघाच्या नादात सगळे पाणी विसरतात, असा माझा अनुभव आहे.

घामाबरोबर मीठही जाते, त्यामुळे नुसते पाणी पुरत नाही. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील या आपल्या जुन्या पेयांत पाणी आणि मीठ असते. पन्ह्यात वर साखर किंवा गूळही असतो. साखरेचे काम केवळ चवीचे नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे असेच द्रावण पाजून असंख्य प्राण वाचवले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) हे प्रमाण वहीत लिहून ठेवा. मीठ याहून जास्त घालू नका.

जेवण हलके हवे. अन्न पचवतानाही शरीरात उष्णता निर्माण होते आणि प्रथिने पचवताना ती सर्वांत जास्त होते. तेव्हा सामिष मेजवानी रात्रीसाठी ठेवा. दुपारी दहीभात, भाकरी, काकडी, टरबूज पुरे. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे सांगणारे तुम्हांला तिकडे भेटतील. खिशातल्या कांद्याने उष्णतेच्या प्रवाहात काही फरक पडण्याचे कारण मला दिसत नाही. तो ताटात घ्यावा.

आता कपडे. हवा त्वचेहून गरम असेल तर अंग उघडे टाकणे म्हणजे शत्रूला दार उघडून देणे होय. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि सैल विजार घाला. कापड ऊन आणि गरम हवा अडवते. सैलपणामुळे आत हवा खेळती राहून घाम वाळतो. जाड जीन घालू नका. रंगाबद्दल मात्र एक गंमत आहे. अरबस्तानातील आणि सिनाईच्या वाळवंटातील बदाउनी लोक भर उन्हात काळे झगे घालतात. काळा रंग उष्णता जास्त शोषतो, मग हे कसे? १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. काळा झगा जास्त तापतो हे खरे. पण तो सैल असल्याने आतली हवा खालून वर वाहते आणि ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचण्यापूर्वीच निघून जाते. पांढऱ्या आणि काळ्या झग्यांत त्वचेला मिळणारी उष्णता सारखीच निघाली! तेव्हा रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. जंगलात पांढरा सदरा दुरून उठून दिसतो. हरणांच्या कुळातील प्राण्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण निळा रंग चांगला दिसतो. म्हणून फिकट खाकी किंवा मातकट रंग घ्या.

डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळा. विदर्भात बहुतेक सगळे असेच बाहेर पडतात. तो पाण्यात भिजवून पिळून बांधला, तर मघाचा भट्टीचा वारा एकदम उपकारक ठरतो, कारण आता तो दुपट्ट्यातल्या पाण्याची वाफ करतो. त्यासाठी तुमच्या घामाचा खर्च होत नाही. एक पातळ शालही बरोबर असू द्या. कोरड्या, निरभ्र हवेत रात्री जमिनीची उष्णता प्रारणाने झपाट्याने आकाशात निघून जाते आणि पहाटेच्या फेरीला चक्क गारवा लागतो.

आणि पाहायचे काय? वाघ दिसला तर उत्तमच. पण जंगलातला प्रत्येक प्राणी या ३५-४४ च्या कोड्याशी झगडत असतो, ते पाहणे मला वाघाइतकेच मोलाचे वाटते. पक्षी चोच उघडून गळा थरथरवताना दिसतील. त्यांना घाम येत नाही, म्हणून ते घशातूनच पाण्याची वाफ करतात. रानकुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकतात. वाघ पाण्यात बसतो, बरेचदा शेपटीकडून उलटा शिरत. पाणी उष्णतेचे वहन हवेच्या वीसपटींहून अधिक चांगले करते आणि बाष्पीभवनामुळे डबक्यातले पाणी हवेहून गार असते. त्याची निवड अगदी शास्त्रशुद्ध आहे! पाणवठ्याच्या ओल्या काठावर मधमाश्या असतील तर त्याही पाहा. सातेरी माशी पाणी पोळ्यात नेऊन पसरते आणि पंखांनी वारा घालते. तो तिचा वाळ्याचा पडदाच होय. गवे, सांबर, चितळ उन्हाच्या वेळी सावलीत बसून राहतात, म्हणून पहाट आणि सूर्यास्तापूर्वीचा तास-दीड तास हीच पाहण्याची खरी वेळ. मधल्या वेळात त्यांच्यासारखेच सावलीत पडून राहावे.

इतके करूनही कोणाला चक्कर, मळमळ, पायात गोळे असा त्रास झाला, तर त्याला सावलीत आडवे करून मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजा. पण तो असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. शरीराचे तापमान ४० च्या पुढे गेलेले असू शकते. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कपडे सैल करून सर्व अंगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. एकाने त्याच वेळी गाडी तयार करून १०८ क्रमांकावर कळवावे आणि रुग्णालयाकडे निघावे. जंगलात मोबाइलचा भरवसा धरू नका; सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे प्रवेशद्वारावरच विचारून ठेवा.

जूनच्या पहिल्या सरी आल्या की हा सगळा हिशेब बदलतो. हवा ३८ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ५० टक्के झाली तर ओला तापमापक २९ दाखवू लागतो. आता घाम दिसू लागतो, अंग चिकचिकते, ओल्या दुपट्ट्याचा गुण कमी होतो आणि पंख्याचा वारा पुन्हा सुखाचा वाटतो. दोन तापमापक आणि कापसाची वात बरोबर नेलीत, तर हा बदल कोणत्या दिवशी झाला ते तुम्हांला स्वतःच मोजता येईल.