परसातील पाण्याची कमान

गोव्यात २४ जून रोजी सांजांवच्या सणाला तरुण मंडळी विहिरींत उड्या घेतात. लहानग्यांनी मात्र काठापासून दूरच राहावयाचे असते. पाण्याची ओढ त्यांनाही तितकीच. तेव्हा त्यांना जमिनीवर उभे राहून भिजता येईल अशी एक कमान परसात का उभारू नये?

अर्धा इंची पी.व्ही.सी. पाइप सुमारे २० फूट लांबीचा घ्यावा. त्यातून ५ फुटांचे दोन खांब व ४ फुटांची एक आडवी दांडी कापावी. दांडीच्या खालच्या अंगास चार-चार इंचांवर दीड मिलिमीटरची बारा भोके बारीक ड्रिलने पाडावी. खिळा तापवून भोसकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे सर्वस्वी वर्ज्य. हे प्लास्टिक जळताना निघणाऱ्या धुरात डोळे व घसा पोळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू असतो. मग दांडी दोन एल्बोंनी खांबांस चिकटवावी. एका खांबाच्या तळाशी रबरी नळी जोडावी, दुसऱ्याच्या तळाशी बूच बसवावे. ते चिकटवू नये, म्हणजे साचलेला गाळ काढता येतो. जमिनीत रोवलेल्या दोन बांबूंस खांब सुतळीने आवळले की कमान उभी राहिली.

पाण्याचा जोर टाकीच्या आकारावर नव्हे, उंचीवर अवलंबून असतो. टाकी जमिनीपासून १० फूट उंच असेल, तर दांडीला त्यातील ५ फुटांचाच दाब मिळतो. तेवढ्यावर बारा भोकांतून मिनिटास साधारण ४ लिटर पाणी पडते; पाव तासात ६० लिटर, म्हणजे मोठ्या चार बादल्या. भोक दुप्पट रुंद केले तर पाणी चौपट जाते, हे हौशी वडिलांनी विसरू नये. कमान केळीच्या वा माडाच्या आळ्याजवळ उभारावी. खेळून झालेले पाणी झाडास मिळते. शेवाळलेल्या फरशीवर ती नकोच. उन्हात तापलेल्या पाइपातील पहिले पाणी चटका देणारे असते, ते आधी वाहू द्यावे.

आणि ज्या घरी मे महिन्यात आईला दुरून हंडे आणावे लागतात, तेथे ही कमान उभारूच नये. पाऊस लागेपर्यंत थांबावे. तोवर उरलेल्या ६ फूट पाइपाच्या दीड-दीड फुटांच्या चार पिचकाऱ्या होतात. एका तोंडास बारीक भोकाचे बूच, दुसऱ्या तोंडातून ओल्या चिंधीचा बोळा घट्ट गुंडाळलेली काठी. एवढ्यावर एक बादली पाणी मुलांना बराच वेळ पुरते. मात्र त्या बादलीजवळ मोठ्या माणसाने बसून राहावे. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. खेळ संपताच बादली उपडी करून ठेवावी.