मांजराच्या पिल्लाचा डोळा

मांजरीची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात, हे तुम्ही पाहिले असेलच. समजा, त्यातला एक डोळा उघडूच दिला नाही, तर काय होईल?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी नेमके हेच करून पाहिले. पिल्लांना भूल देऊन त्यांनी एका डोळ्याच्या पापण्या शिवल्या. दोन-तीन महिन्यांनी तो डोळा उघडून मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी तपासल्या. त्या डोळ्याच्या संदेशांना जवळजवळ कोणतीच पेशी दाद देईना! मोठ्या मांजराचा डोळा असाच बंद ठेवला, तर मात्र काही बिघडत नव्हते. म्हणजे मेंदू पाहायला शिकतो तो कोवळ्या वयातच. हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये दोघे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

जन्मतःच दाट मोतीबिंदू असलेल्या बाळावर आज पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करतात. त्या घाईमागे याच संशोधनाचा मोठा आधार आहे.

"मग प्रयोग योग्यच होता की!" असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. हे मूलभूत संशोधन होते. त्यात निसर्गाचे कोडे उलगडायचे असते. त्याचा उपयोग होईल की नाही, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. कित्येक प्रयोगांतून रोग्यांच्या पदरात काहीच पडत नाही. प्राण्याला होणारा त्रास मात्र निश्चित असतो, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते. तेव्हा योग्य-अयोग्य ठरवायचे ते निकाल पाहून नव्हे, तर प्रयोगापूर्वीच.

त्यासाठी रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या सुचवल्या. प्राण्याऐवजी दुसरे काही वापरता येईल का? कमी प्राण्यांत भागेल का? वेदना कमी करता येतील का? भारतातील १९६० चा कायदाही नव्या ज्ञानासाठी प्रयोगांना मुभा देतो. पण महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम भागत असेल, तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे सांगतो. आता तर अशा प्रयोगांना संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी लागते.

तरीही एक प्रश्न उरतोच : मुळात हे कोडे एवढ्या मोलाचे आहे का?

समजा, तुम्ही त्या समितीवर आहात. समोर पिल्लांच्या प्रयोगाचा अर्ज आहे. मोतीबिंदूचा त्यात उल्लेखही नाही. तुम्ही सही कराल का? वर्गात चर्चा करा. मात्र आपल्या उत्तराचे कारणही सांगा.