स्वसंरक्षणाचा हक्क कोठे संपतो?

खुनाच्या खटल्यात आरोपीकडून पुष्कळदा एकच कैफियत मांडली जाते: मारले हे खरे, पण मारले नसते, तर स्वतःचाच प्राण गेला असता. ही कैफियत कायद्याला अपरिचित नाही. 1860 च्या भारतीय दंडविधानातील 96 ते 106 ही कलमे याच हक्कासंबंधी होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 या क्रमांकांनी जवळजवळ जशीच्या तशी आली आहेत. संकट अंगावर आले असता नागरिकाने मान खाली घालून मार खावा, अशी कायद्याची मुळीच अपेक्षा नाही. असे असूनही ही कैफियत अपिलात फेटाळली जाते, याचे कारण समजण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त होईल.

पहिला निकाल 1952 सालचा. मध्य प्रदेशातील कटनी येथे 1950 मध्ये दंगा उसळला. जमावाने एका दुकानदाराच्या शेजारची, त्याच्याच भावाची जागा लुटली आणि मग त्याच्या दारावर लाठ्यांचे तडाखे बसू लागले. त्याने बंदूक झाडली. एक माणूस मेला. खालच्या न्यायालयांनी दोषी धरलेल्या या दुकानदारास सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. पूर्वी नागपूरचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्रात स्पष्ट केले, की दार प्रत्यक्ष फुटेपर्यंत वाट पाहण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. आणि अशा घटकेचे वर्तन सोनाराच्या काट्यावर तोलून पाहता येत नाही.

दुसरा निकाल 1962 सालचा, पंजाबातून आलेल्या अपिलावरचा. भांडण शेताच्या ताब्याचे होते आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. आरोपींनी स्वसंरक्षणाचा आधार घेतला. मूळचे साताऱ्याचे आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी त्यातील मर्म उघड केले. हक्काचा आरंभ झाला होता असे मानले, तरी प्रतिपक्ष पळू लागताच भीतीचे कारण नाहीसे झाले. त्यानंतर दूर असलेल्या माणसांवर झाडलेल्या गोळ्या संरक्षणासाठी नव्हत्या. कैफियत फेटाळली गेली.

दोन्ही प्रकरणांत बंदूक होती, दोन्हींत मृत्यू होता. भेद एवढाच, की एके ठिकाणी संकट दारावर धडका देत होते, तर दुसऱ्या ठिकाणी ते पाठ फिरवून निघाले होते. हा हक्क वाजवी भीतीबरोबर जन्मतो आणि तिच्याबरोबरच मावळतो. शिवाय, मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्याची मुभा दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घरास आग लावणे अशा मोजक्या प्रसंगीच आहे. शेतात कोणी नुसता घुसला, एवढे कारण त्यास पुरत नाही. पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर असेल, तर हक्कच उरत नाही.

स्वसंरक्षण दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो. पण तो सरकार पक्षाच्या भाराइतका जड नाही. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढे दिसले तरी पुरते. तसेच, सद्भावनेने, पूर्वसंकल्प न करता आणि गरजेहून अधिक इजा करण्याचा हेतू नसता मर्यादा ओलांडली गेली, तर गुन्हा खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा ठरतो.

भयाने उचललेल्या हाताकडे न्यायालय उदारपणे पाहते. भय सरल्यावरही जो हात थांबत नाही, तो मात्र रक्षणाचा राहत नाही, सूडाचा होतो. आणि सुडाला कायद्यात कलम नाही.